घोड्याच्या घरातली किटली

डोळे मिटून घ्या बरं... नको, नको, मग पुढचं वाचणार कोण? उघडेच राहू द्या, आणि कल्पना करा. तुमच्यासमोर एक रंगमंच आहे. फार मोठा नाही, आडव्या कपाटाएवढा. त्यावर लाकडी बाहुल्या आहेत. बाहुल्यांना दोऱ्या आहेत, पण दोऱ्यांच्या वरच्या टोकाला माणसाची बोटं नाहीत. तिथे आहेत काडेपेटीएवढ्या मोटारी. मोटार फिरली की दोरी ताणते, दोरी ताणली की राजाचा हात वर होतो. मोटारींना हुकूम सोडतो एक लॅपटॉप. आणि लॅपटॉपला कुणाला काय हुकूम सोडायचा ते शिकवते भिंगरीची मावशी.

आलं डोळ्यांसमोर? छान. आता त्याला भुशाचा आणि सरसाचा वास द्या, म्हणजे झाला मामाचा कारखाना. एका बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या बाजूला लाँड्री, मधल्या लांबट खोलीत मामा बाहुल्या कोरायचा. मावशी त्याची धाकटी बहीण. ती एका पालथ्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून बसायची आणि बाहुल्यांसाठी प्रोग्रॅम लिहायची. दोघं कामापेक्षा भांडणच जास्त करतात असं शेजाऱ्यांना वाटायचं.

भिंगरी ही त्यांची भाची. एका जागी टिकायची नाही म्हणून भिंगरी. पण या सुट्टीत ती चक्क टिकली होती, कारण ती किटली बनवत होती. पोचे आलेली एक जुनी किटली, तिला बटणांचे डोळे, स्प्रिंगांचे पाय, आणि नाकाच्या जागी तोटी आयतीच होती. किटली मंचावर येणार, गाणं म्हणणार आणि वाफ सोडणार, असं भिंगरीच्या मनाने घेतलं होतं. मामाने शब्दही दिला होता. रविवारच्या खेळापर्यंत किटली चालायला लागली तर तिला राजाच्या आधीचा प्रवेश. नाही चालली तर पुढच्या सुट्टीत. आणि पुढची सुट्टी म्हणजे किती लांब, ते शाळेत जाणाऱ्याला सांगायला नको.

"मावशी, आज माझी किटली चालव ना."

"आण इकडे. घोड्याची लेक करून टाकते तिला."

"कुणाची?"

"घोड्याची. इथे सगळी घोड्याचीच लेकरं आहेत."

मावशी चेष्टा करते आहे असं भिंगरीला आधी वाटलं. पण मावशी गंभीर होती. झालं होतं असं. मामाने सगळ्यांत आधी कोरला घोडा. मावशीने त्याच्यासाठी कोड लिहिला. त्याने कसं यायचं, कसं चालायचं, कसं खिंकाळायचं, शेपूट कशी उडवायची. मग आलं गाढव. सगळं नव्याने कोण लिहीत बसणार? मावशीने लिहिलं, गाढव हे घोड्याचं लेकरू. एवढं लिहिलं की घोड्याचं सगळं गाढवाला आपोआप मिळतं. आईचं नाक पोरीला मिळतं ना, तसंच. वेगळं असेल तेवढंच सांगायचं. कान लांब, आणि खिंकाळून झालं की पुढे दोनदा रेकायचं.

"बरोबर आहे की," भिंगरी म्हणाली.

"इथपर्यंत बरोबरच होतं गं. मग तुझ्या मामाने राजा आणून उभा केला, आणि म्हणे संध्याकाळपर्यंत चालला पाहिजे."

"आता माझ्यावर ढकल!" पटाशी चालवत मामा तिकडून म्हणाला.

"तर मग राजालाही घोड्याचं लेकरू केलं. राजा म्हणजे शेपूट न उडवणारा, न खिंकाळणारा, पुढचे दोन पाय हलवायचे ते हात म्हणून हलवणारा घोडा."

भिंगरी फिसकन हसली. "आणि राजकन्या?"

"राजाची लेक. म्हणजे घोड्याची नात."

"आणि ती खुर्ची?"

मावशीने जरा इकडेतिकडे पाहिलं. "न चालणारा, न खिंकाळणारा, शेपूट नसलेला घोडा."

"मग त्यात घोड्याचं उरलं काय?"

"चार पाय!" मामा ओरडला आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की त्याच्या हातातली पटाशी खाली पडली.

तर किटलीही घोड्याची लेक झाली. मावशीने बटण दाबलं. किटली टपटप टापा टाकत आली, तोटी झटकली आणि झकास खिंकाळली.

"अगं, गाणं! गाणं म्हणायचंय तिला!"

"थांब, खिंकाळणं बंद करते. आणि वाफ हवी ना? ती घोड्यातच घालू, आत यायचं काम तिथेच लिहिलंय." मंचाच्या फळ्यांखाली धुक्याचं एक यंत्र होतं. जो आत येईल त्याच्या पायाशी ते धुकं सोडायचं. मावशीने घोड्याला शिकवलं, की आत आलास की वाफ सोड. आणि घाईघाईत खिंकाळणं पुसलं ते किटलीचं न पुसता घोड्याचंच पुसलं.

किटली आली. सुंदर वाफ आली. भिंगरीने टाळ्या पिटल्या. मग मामा म्हणाला, "सगळा खेळ एकदा फिरवून बघा."

घोडा आला, वाफेत. तोंड उघडलं, आवाज नाही. गाढव आलं, वाफेत, आणि नुसतंच दोनदा रेकलं, कशात काही नसताना. राजकन्येचं गाणं घोड्याच्याच आवाजाच्या खटक्यावर बसवलेलं होतं. ती ओठ हलवत राहिली, गळ्यातून ब्र नाही. खुर्ची वाफाळली. शेवटी राजेसाहेब आले आणि त्यांच्या झग्याखालून भसाभसा वाफ निघाली.

मामाने कपाळाला हात लावला. "अगं बाई, राजाला काय झालंय हे? रविवारी लोक हसतील!"

"हसायलाच येतात ना ते?" भिंगरी म्हणाली.

"माझ्या बाहुल्यांना हसायला येतात, माझ्या फजितीला नाही. होतं तसं करून दे गं सगळं. किटली पुढच्या सुट्टीत."

झालं! भिंगरीचा चेहरा एवढासा झाला. तिने किटली उचलून पोटाशी धरली. प्रकरण गंभीर आहे हे मावशीने ओळखलं. तिने लॅपटॉप बाजूला सारला.

"दादा, पटाशी ठेव जरा. खेळ खेळू या. ती दारातली चौकट म्हणजे मंच. भिंगरी, तू मंच. कुणाला आत घ्यायचं ते तू ठरव. दादा, तू राजा. जा बाहेर, आणि ये."

"आता हे काय खूळ?" म्हणत मामा बाहेर गेला खरा. लाँड्रीतून आणलेली चादर खांद्यावर टाकून दारात आला. "आम्ही आलो आहोत!"

भिंगरीने किटली काखेत मारली आणि दार अडवलं. "तुम्ही घोडा आहात का?"

"शुद्धीवर आहेस का पोरी? आम्ही राजे आहोत!"

"मग नाही यायचं. इथे फक्त घोडे."

"ए, हा काय न्याय झाला!"

"तोच तर," मावशी म्हणाली. "भिंगरी, आत यायला घोडा कशाला असायला हवं? खरं सांग, मंच म्हणून तुला काय काय कळायला हवं?"

भिंगरीने डोकं खाजवलं. "तुझी वेळ कधी? म्हणजे मी तेव्हा हाक मारीन."

"हं."

"आल्यावर काय करणार? करून दाखव."

"हं. आणि?"

भिंगरीने मामाकडे पाहिलं. तो चादर सावरत आत घुसून खोलीभर मिरवत होता, थांबायचं नाव नव्हतं. "आणि जा म्हटलं की जाणार का?"

"झालं!" मावशीने टाळी दिली. "एवढ्या तीन प्रश्नांना ज्याच्याकडे उत्तरं आहेत तो आमचा पाहुणा. मग तो राजा असो, गाढव असो, नाहीतर किटली. तो कुणाचा कोण, हे मंचाने विचारायचंच नाही."

"पण मग चालणं? गाणं? ते प्रत्येकाने पुन्हा लिहायचं?"

"छे गं. तुझा मामा पटाशी काय स्वतःच्या हाताला चिकटवून जन्माला आला? ती तिथे भिंतीवर असते, लागेल तेव्हा घेतो. तसं चालणं एक वेगळं, आवाज एक वेगळा, वाफ वेगळी. ज्याला जे हवं ते त्याने मागून घ्यावं. राजाला वाफ नको, तो मागणार नाही. विषय संपला."

"आणि रविवार?" मामाने चादर काढत विचारलं. "सगळं उसवायला काढाल आणि खेळाच्या दिवशी माझा राजा लोंबकळत राहील."

"राजा आधी करू, किटली मागून," मावशी म्हणाली. "राजा चालला नाही तर जुनं परत. आहे कबूल?"

मामाने भाचीच्या काखेतल्या किटलीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं आणि मान हलवली.

मग खटाटोप सुरू झाला. मावशीने लॅपटॉपमध्ये 'पाहुणे' नावाचं एक फोल्डर केलं. प्रत्येक बाहुलीची एक फाइल. फाइल फोल्डरमध्ये ठेवली की पाहुणा खेळात आला, काढली की गेला. अशा काढता-घालता येणाऱ्या तुकड्याला प्लगइन म्हणतात, असं ती म्हणाली. राजा पहिल्यांदाच नुसता राजा झाला. राजकन्येला तिचा स्वतःचा आवाज मिळाला. आणि घोडा? तो बिचारा इतके दिवस सगळ्या गावाचा बाप होऊन बसला होता. तो सुटला. खिंकाळला असा, की शेजारचा सायकलवाला डोकावून गेला.

किटलीची फाइल भिंगरीने लिहिली. मावशी शेजारी होती, पण बोटं भिंगरीची. कधी येणार? राजाच्या आधी. काय करणार? वाफ आणि गाणं. तिसऱ्या प्रश्नाशी ती अडली. जा म्हटलं की जाणार का? एवढ्या कष्टाने आलेल्या किटलीला 'हो, जाते' म्हणायला लावणं तिच्या जिवावर आलं. मावशी पाणी प्यायला उठली, तेवढ्यात भिंगरीने उत्तर लिहून टाकलं. 'आणखी एकदा गाते.'

रविवारी खोली भरून गेली. पोरं चटयांवर, मोठी माणसं मागे भिंतीला टेकून. पडद्यामागे मामा, मावशी आणि भिंगरी दाटीवाटीने बसले होते. घोडा झाला, गाढव झालं, आणि किटली आली. वाफेच्या ढगातून बटणांचे डोळे लुकलुकले. तोटी वर करून किटलीने गाणं म्हटलं, आणि पोरं अशी हसली की भिंगरीने मामाचा दंड घट्ट धरला.

गाणं संपलं. मंचाने सांगितलं, जा आता. किटलीने पुन्हा गाणं म्हटलं. पोरं पुन्हा हसली. जा आता. पुन्हा गाणं. या वेळी थोडीच हसली. पुन्हा गाणं. कुणीतरी जांभई दिली. पुढच्या चटईवरून एक बारीक आवाज आला, "राजा कधी येणार?"

"बिघडली काय गं ही?" मामा कुजबुजला. राजा वर दोरीला लटकून वाट पाहत होता.

मावशीने फाइल उघडली, तिसरं उत्तर वाचलं आणि भाचीकडे पाहिलं. भिंगरीचे कान लाल झाले.

"मंच आपला सभ्य आहे," मावशी हळूच म्हणाली. "पाहुणी निघेपर्यंत तो थांबणार. फाइल फोल्डरमधून काढली तरच सोडेल. दुसऱ्या कुणाला धक्का लागणार नाही. पण किटली तुझी आहे. काढू का, तू सांग."

बाहेर किटली तेच गाणं पहिल्यापासून म्हणू लागली. भिंगरीने एकदा राजाकडे पाहिलं, एकदा फटीतून पोरांकडे. मग मावशीचा हात बाजूला केला आणि फाइल स्वतःच बाहेर ओढली.

गाणं मध्येच तुटलं. किटली एका बाजूला कलली. मामाने तिला अलगद वर ओढून घेतलं आणि राजेसाहेब मंचावर आले, ताठ मानेने, झग्याखाली वाफेचा लवलेश नाही. पोरांनी आरडाओरडा करून त्यांचं स्वागत केलं. खेळ पुढे सरकला, जणू काही झालंच नव्हतं.

"बघितलंस?" मामा खूश होऊन म्हणाला. "तुझी किटली काढली, पण कुणाचं काही अडलं नाही!"

"त्याचंच तर वाईट वाटतंय," भिंगरी म्हणाली आणि नाक ओढलं.

मामा ओशाळला. मावशीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "अगं, अशी काढता आली म्हणूनच तर अशीच घालताही येईल. राजाने आणि किटलीने अजून एकच घोडा अंगावर वागवला असता तर आज खेळ चालू असताना तुला किटलीला हात लावता आला असता का? शेवटच्या मिरवणुकीला वेळ आहे अजून. तिथे एखादी किटली खपून जाईल. काय रे दादा?"

"खपेल की," मामा म्हणाला. "वाफ जरा बेताने."

भिंगरीने बाहीने नाक पुसलं. किटली मांडीवर घेतली, लॅपटॉप पुढे ओढला, पहिल्या उत्तरात 'मिरवणुकीत' असं लिहिलं आणि तिसरं उत्तर पुसलं. 'हो, जाते,' असं लिहिलं. थोडा विचार केला, त्याच्यापुढे 'पण आधी एक छोटासा फुत्कार टाकून' एवढं घातलं आणि ही ओळ चालेल का, ते विचारायला मावशीकडे न बघता, फाइल उचलून पाहुण्यांत ठेवून दिली.