पेडलवरचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी विजेची गाडी आहे. वरवट बकालला भगवानरावांच्या गोठ्यात माझा मुक्काम असतो. टपावर कोंबड्या बसतात. बसू द्या, त्या निदान मला नावं तरी ठेवत नाहीत.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला, पण मला खरं ओळखलं ते वंदनानं. भगवानरावांची ही लेक शेगावच्या दवाखान्यात रक्त तपासायची. गाडी आहे तोवर नोकरी, अशी वडिलांची अट होती. वंदना पेडलवर पाय अलगद टेकवायची. गतिरोधक दिसला की दुरूनच पाय उचलायची, मग फिरत्या चाकांतून थोडी वीज माझ्याच बॅटरीत परत यायची. शेगावहून परतलो तरी माझ्यात चार्ज उरलेला असायचा. मला तिचा फार अभिमान वाटे.

तिचा धाकटा भाऊ गोकुळ हाडाचा ट्रॅक्टरवाला. "काऊन वो ताई, बैलगाडी चालवून राह्यली का? गाडी ताणली नाही तं जाम होते!"

"हिच्यात इंजिनच नाही बे, जाम काय होईन? खसकन दाबलं का बॅटरी खाली होते," वंदना म्हणाली. त्यानं ते हसण्यावारी नेलं.

एका रविवारी तो वडिलांना घेऊन शेगावला निघाला. मला 'मोकळी' करायचं त्याच्या डोक्यात होतं. सुटताना दणकन पेडल दाबायचा, गतिरोधकापाशी करकचून ब्रेक, की पुन्हा दणका. मी उड्या मारत होते आणि आतून रिकामी होत होते. परतताना गावाच्या अलीकडेच माझा जीव संपला. ट्रॅक्टरला दोर बांधून मला भर बाजारातून ओढत आणलं.

"पोरीनं हळूहळू चालवून गाडी मारली," भगवानराव कडाडले. "वाटेत बंद पडली तं कोन जाईन तुले आनाले? उद्यापासून शेगाव बंद."

"बाबा, मी रोज तेवढंच अंतर जाऊन येतो. आजच काऊन थांबली, हे त्याले इचारा ना!"

गोकुळ खाली मान घालून दोर सोडत राहिला. किल्ली वडिलांच्या खिशात गेली. महिनाभरात दवाखान्यानं दुसरी मुलगी ठेवली.

आता वंदना गोठ्यात येते ती अंडी वेचायला. कधी माझ्यात बसते, पेडलवर पाय ठेवते. तसाच अलगद.

मित्रांनो, गाडी जपून चालवा, हे तर सांगतेच. पण ती रस्त्यात थांबली, तर कुणाला शिक्षा सुनावण्याआधी एवढं विचारा, की पेडलवर पाय कोणाचा होता.