नागमोडी काठाचा ओटा

मित्रांनो म्हणा का पोट्टेहो म्हणा, पहिले माह्यावरून कोपर उचला. मी एक जुना काळा दगड हाये, हिंमतराव पाटलाच्या सैपाकघरातल्या ओट्याचा. माह्यावर तुमची भाकर होते, तुमच्या बापाचीबी झाली. अन् तुमी एकामेकाले ‘दगड’ म्हणून शिवी देता का मले हासू येते. या घरात खरे दगड कोण होते, थे म्या लय जवळून पायलं हाये.

माहा जलम धामणगाव बढ्याच्या वरतं डोंगरात झाला. तवा इंग्रजाचं राज्य होतं, अन् आपलं वऱ्हाड नागपूरच्या लाटसायबाच्या हाताखाली होतं. मले खाली आणलं तवा बैलगाडीचा आख असा कडाडला का मलकापूरच्या टेसनमास्तरले वाटलं आगगाडीच आली. त्यानं घंटी वाजवून देल्ली. लोकं गाठोडे घेऊन उभे, अन् गाडीचा पत्ता नाई! खोटं वाटते? जाऊन इचारा. मास्तर मेला म्हणा, पण घंटी हाये.

मले काऊन आणलं थे ऐका. हिंमतरावाची सून कोकिळा, वडनेर भोलजीची पोरगी. हाताले चव अशी का तिच्या फोडणीचा वास गेला का शेजारच्या भाकड म्हशी पान्हा सोडत. पण एक रोज माळ्यावरून पडली, अन् उजवा गुडघा असा आखडला का मुडपेच ना. तवा साऱ्या बाया जमिनीवर बसून चुलीवर रांधत. कोकिळाले बसताच येईना. तिची सासू सत्यभामाबाई, मोठी तोंडाळ. थे म्हणे, “जिले चुलीपुढं बसता येत नाई थे सून कायची? दिवाळीपावतर पाहीन. नाई तं गाडी जुपून तिले वडनेरले पोचवतो, अन् माह्या पोराले दुसरी आणतो!”

पोरगा म्हणजे अर्जुनराव, कोकिळाचा नवरा, तुमचा बाप. थो दारात उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरे. घरात आग लागली असती तरी त्यानं पहिले मायले इचारलं असतं, पळू का म्हणून.

म्हणून कोकिळानंच तोंड उघडलं. “मामंजी, मले कमरेएवढा ओटा बांधून द्या. त्यावर चूल मांडतो, उभ्यानं रांधतो.”

हिंमतराव लगेच हाव म्हणले. सुनेची दया आली असं समजू नका. मलकापुरात एका वकिलाच्या घरी त्यायनं असा ओटा पायला होता, अन् तवापासून पोटात दुखत होतं. गवंड्यानं ईट-मातीचा ओटा उभा केला. थे उंची तेवढी कोकिळानं सोता त्याच्यापुढं उभी राहून मोजून घेतली. आता वरतं मी बसलो का काम झालं असतं. पण नाई! माह्या काठाले घडण कशी पायजे, यावर घरात बैठक बसली.

लुगड्याच्या पेट्या उघडल्या. एकेक लुगडं आणून त्याचा काठ माह्यावर ठेवून पाहू लागले.

“करवती काढू,” हिंमतराव म्हणे. “दातेच दाते. कसं झोकात दिसंन!”

“अन् पोट फाटंन थे? गोल काढा, पोळपाटासारखा,” सत्यभामाबाई म्हणे.

“गोल तं कोणाचाबी असते. मंग माह्या पाटीलकीचं काय?”

“मंग नागमोडी काढा. माह्या मायनं देल्ल्या लुगड्याले हाये तसा.”

दगडाले लुगडं नेसवायले निघालेली मानसं म्या तवाच पहिल्यांदा पायली. अन् ज्या पोरीचा संसार माह्यावर टेकला होता, थे दाराआड उभी.

“आत्याबाई,” थे हळूच म्हणली, “काठ कसाबी राहू द्या ना. दगड लवकर बसवा म्हणजे झालं. दिवाळी आली.”

“तू चूप बस वो!”

“बसताच येत नाई आत्याबाई, म्हणून तं ओटा पायजे.”

शेवटी नागमोडी ठरला. पाथरवट मोतीराम आला. त्यानं जलमभर जात्याले टाकी लावली, नाई तं नागोबाचे दगड घडवले. टाकीच्या ठणठणाटानं कान पार गेलेले. त्याच्याजवळ जाऊन, बोटानं वळण काढून दाखवाव का नाई? पण पाटील ओसरीवरून उठले तं पाटील कायचे! तिथूनच ओरडले, “मोतीराम, काठ नागमोडी काढ बे!”

मोतीरामानं ऐकलं, नाग मोठे काढ.

“हाव मालक. किती मोठे काढू?”

हिंमतरावाले वाटलं, वळणाचं इचारते. “चांगले ठसठशीत! गावानं पाहत राहावं!”

पाहा मंग. मोतीरामानं माह्या काठावर फडा काढलेले नाग घडवले, एकाले लागून एक, डोळे वटारून. असे जित्ते का गावातले सारे उंदीर त्याच राती पळाले, नावाच्या भरवशावर उंद्री गावाले जाऊन राह्यले.

ओट्यावर मले बसवलं अन् वरतं चादर टाकली. गाव बोलावलं. हिंमतरावानं मिशीवर हात फिरवून चादर वढली. मंग सत्यभामाबाईनं कपाळ जमिनीले टेकवलं. “नागोबा परगटले वो माय!”

हळद-कुंकू झालं, दूध झालं. अन् लगेच हुकूम निघाला, “देवाच्या डोस्क्यावर तवा ठेवायचा नाई. इळी लावायची नाई. तळण करायचं नाई.” नागपंचमी वर्षातून एकदा येते, आमच्या सैपाकघरात रोजचीच बसली. हिंमतराव मोतीरामाले म्हणले नाग छिलून टाक, तं थो टाकी सोडून पळाला. देवावर घाव कोण घालंन?

पोरीसाठी आणलेला दगड देव झाला, अन् पोरगी पुन्ना जमिनीवर. पाय लांब करून, वाकडी होऊन भाकर थापे. भाकर इस्तवात पडे. सत्यभामाबाई पाहे अन् म्हणे, “दिवाळी आली वो कोकिळे.” माह्या अंगावरचं दूध आंबून मले किळस येई. असा देव होण्यापेक्षा मी डोंगरात बरा होतो.

दिवाळी झाली. सकाळीच अंगणात गाडी जुपली. अर्जुनराव दारात, अंगठा मातीत. कोकिळाचं गाठोडं गाडीत ठेवलं. थे लंगडत माह्यापुढं आली, नागोबाले कुंकू लावलं, अन् मोठ्यानं म्हणली, “आत्याबाई, जातो मी. पण एक पाप तुमच्या घरी राहून राह्यलं.”

“कायचं पाप वो?”

“नागोबाले रायले काय लागते? बीळ. अन् तुमी त्याले उजेडात, माणसायच्या तोंडापुढं उघडा ठेवला. थो कोपला तं मंग माह्यावर नका आणू.”

सत्यभामाबाईनं घाईघाईनं नागोबापुढं हात जोडले. “मंग... मंग काय कराव?”

“दगड फिरवा. नागोबाचं तोंड भितीत. तेच त्याचं बीळ. तवा, इळी सारं त्याच्या पाठीमागं. त्याले ना धूर, ना ताप.”

हिंमतरावानं घाम पुसला. गडी आले, पहारी लावल्या, भीत थोडी कोरली अन् मले गर्रकन फिरवलं. ज्या काठासाठी पेट्या उघडल्या थो भितीत गेला. आता त्याची शोभा मुंग्या पाहतात. पुढं आला माहा खाणीतला काठ, खरबडा, कोणीच न निवडलेला. कोकिळानं गाठोडं गाडीतून काढलं, चूल वरतं मांडली अन् उभ्यानं भाकर टाकली. अशी फुगली का छपराचे कवेलू उचलले. गाडीचे बैल सोडावे लागले.

थो खरबडा काठ कोकिळाच्या पोटानं घासू घासू गुळगुळीत झाला. आता सत्यभामाबाईचेबी गुडघे गेले. जमिनीवर बसली का उठवायले दोघं लागतात. परवा काठी टेकत आली, इकडं-तिकडं पायलं, अन् म्हणली, “सरक वो कोकिळे जराशी. मले बी उभं राहू दे.”

कोकिळा सरकली. मले इचारलं असतं तं म्या सरकू देल्लं नसतं.

म्हणून सांगतो पोट्टेहो, मले रोज पाण्यानं पुसत जा, अन् घरात काई बांधायचं निघालं तं जिले तिथं जलमभर उभं राहायचं हाये तिले पहिले इचारजा. तुमच्या आवडीनिवडी मंग, उष्टं काढून झाल्यावर.