शेजारची खाट

चौथा गोल भारतावर झाला आणि नागपुरात हुडकेश्वरच्या त्या खोलीत टाळ्या पडल्या.

पहिल्या गोलाला सगळे हळहळले होते. दुसऱ्याला शेजारच्या कामिनीने कपाळावर हात मारून घेतला. तिसऱ्याला कुणी काही बोललं नाही, कारण तोवर जो तो मनातल्या मनात एकच हिशेब मांडू लागला होता. चौथ्याला तो हिशेब तोंडावाटे बाहेर पडला.

"आता काढतेत त्या पोरीले!" कामिनी खुर्चीतून अर्धी उठली. "आणखी एकदोन खाल्ले ना, का आपली नंदिनी उतरलीच समजा, मायाताई!"

"खाऊ दे, खाऊ दे," टीव्हीकडे हात करत म्हातारा धोंडबा म्हणाला. पंगतीतल्या पाहुण्याला आग्रह करावा तसा त्याचा सूर होता.

माया भिंतीला टेकून बसली होती. ती धोंडबाची सून आणि नंदिनीची आई. टाळ्या तिने वाजवल्या नव्हत्या. पण चौथा गोल झाला तेव्हा मनात जे उमटलं ते काही दुःख नव्हतं, एवढं तिला बरोबर कळलं होतं, आणि तेच तिला खात होतं.

नंदिनी त्या वेळी कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात होती, भारताच्या संघात. अठरा वर्षांखालच्या मुलींची आशियाई आईस हॉकी स्पर्धा. ज्या गावात बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर दिसतो, तिथली पोरगी बर्फावर हॉकी खेळायला परदेशी गेली, याचं साऱ्या वस्तीला नवल. ती शिकली ती चाकांच्या बुटांवर, इथल्याच एका सिमेंटच्या मैदानात. मग दोन हिवाळे लेहच्या शिबिरात. निवड झाली तेव्हा चौकात फ्लेक्स लागला. धोंडबाने तो मोठ्याने वाचायला घेतला आणि 'आईस हॉकी'पाशी अडला. गडी चौथी शिकलेला. मिलमध्ये कामाला असताना खापा गावी आईला पत्र टाकायचा, तेव्हा वरती 'तीर्थरूप आईस' असं लिहायचा.

"पोरगी खेळून राहिली, अन् हॉकी आईले काहून?" त्याने भर चौकात विचारलं. "आईस म्हणजे आईलेच ना गा?"

लोक पोट धरून हसले. मायाही हसली, पण घरी आल्यावर तिला वाटलं, म्हातारा अगदीच काही चुकला नाही. बर्फावर पोरगी पडते आणि लागतं आईला.

फ्लेक्सवर एक गोष्ट मात्र लिहिलेली नव्हती. नंदिनी राखीव गोलकीपर होती. संघात गोलकीपर दोन, उतरते एक. दुसरी बाकाजवळच्या फाटकाशी उभी राहते. या खेळात पोरी सारख्या आतबाहेर करतात, त्यांना तिने फाटक उघडून द्यायचं. आजवरच्या सगळ्या सामन्यांत नंदिनीने फाटकच उघडलं होतं. आणि आजचा सामना शेवटचा, तोही यजमान संघाशी. पुढच्या वर्षी ती अठरा ओलांडणार, म्हणजे हा गट संपला. मोठ्या बायकांच्या संघात नागपूरच्या पोरीला कोण विचारतो? आज उतरली तर उतरली. नाहीतर जन्मभर सांगायला फाटक.

असल्या वेळी लोक देव पाण्यात घालून बसतात. मायाच्या घरी ती सोय नव्हती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्यांच्यापुढे बसून 'दुसऱ्या पोरीने आणखी गोल खावेत' असं मागायचं तरी कोणत्या तोंडाने?

बरं, ती दुसरी पोरगी परकी असती तर गोष्ट निराळी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, म्हणून मोकळं होता आलं असतं. पण गोलासमोर उभी असलेली डिस्किट या घरात राहून गेली होती. गेल्या उन्हाळ्यात नागपुरात चाकांच्या हॉकीची स्पर्धा झाली, तेव्हा लडाखच्या मुली आल्या होत्या. दोन दिवसांत ऊन लागून डिस्किट आडवी झाली आणि नंदिनी तिला स्कूटीवर मागे बसवून घरी घेऊन आली. मायाने पन्हं पाजलं, भाताची पेज भरवली, ओला दुपट्टा डोक्यावर ठेवला. पोरगी कूलरला इतकी चिकटून झोपायची की ही आता आतच शिरते का काय असं वाटे. धोंडबाला तिचं नाव काही केल्या जमलं नाही. "बिस्किट, चाय घेतं का बेटा?" असं तो विचारी आणि ती "हां दादाजी" म्हणून हसे. भिंतीवरच्या बुद्धापुढे तिने आपणहून हात जोडले. शेजारच्या फोटोतले कोण म्हणून विचारलं, तेव्हा छप्पन्न साली आपण बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला कसे गेलो इथून म्हाताऱ्याने सुरुवात केली, आणि पोरीने ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एवढं तर त्याच्या सख्ख्या पोराने, मायाच्या नवऱ्याने, धम्मानंदनेही कधी ऐकलं नव्हतं. जाताना स्टेशनवर तिने मायाला मिठी मारली आणि नंदिनीसारखंच "आई" म्हणाली. मग हिवाळ्यात नंदिनी लेहला गेली ती डिस्किटच्याच घरी राहिली, तिच्या आईच्या हातचं गरम गरम जेवली.

"पाचवा!" खाली चटईवर बसलेली पोरं ओरडली आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

खेळ थांबला होता. डिस्किटने जाळीचा मुखवटा वर केला, पाणी प्यायली, आणि कॅमेरा नेमका तिच्या चेहऱ्यावर गेला. गाल लाल, ओठ आत ओढलेले.

"रडून राहिली वाटते," कामिनी म्हणाली.

"रडू दे. लवकर बाहेर येईन," मागून कुणीतरी म्हटलं आणि खोलीत हशा पिकला.

माया एका प्रसूतिगृहात आया होती. तिचा सारा जन्म त्या वॉर्डात गेला होता. तिथे खाटा एकमेकींना लागून. एका खाटेवर बाळ रडत असतं आणि शेजारच्या खाटेवरची बाई रिकाम्या हाताने घरी जायची असते. नातेवाइकांना त्याचं काय? ते पेढ्यांचे पुडे फोडतच आत शिरतात. माया त्यांना दारातच अडवायची. "बाहेर वाटा बापा," म्हणायची, "शेजारच्या खाटेकडे पाहा जरा." हे काही तिला डॉक्टरांनी नेमून दिलेलं काम नव्हतं. पण नवी आया आली की माया तिला सगळ्यात आधी हेच शिकवी, चादरी-बेडपॅन नंतर. एकदा एका मोठ्या बिल्डरची बायको चिडून म्हणाली होती, तुला आमच्या आनंदाचं वावडं आहे का गं? माया तरी दारातून हलली नव्हती.

आणि आज तिच्याच घरात, शेजारच्या खाटेवर पोरगी रडत असताना लोक हसत होते. तिला स्वतःची लाज वाटली, इतरांची तर वाटलीच.

"टाळ्या नोका वाजवू," ती म्हणाली.

"अवं, पण आपल्या नंदिनीसाठीच तं वाजवून राहिलो ना!" कामिनी म्हणाली.

"मले मालूम आहे. मले काय वाटत नसंन का? मी बी मघापासून तेच मांगून राहिली मनात." मायाने टीव्हीकडे बोट केलं. "पण थे पोरगी याच चटईवर झोपली आहे वं. माह्या हातची पेज पेली. तिच्या मायनं माही पोरगी सांभाळली. रडते तं हसाव काय आपण तिले?"

 धोंडबा पुढे सरकला आणि डोळे बारीक करून टीव्हीकडे पाहू लागला.

"थे बिस्किट हाय काय?"

"हाव, मामाजी," माया सासऱ्याला म्हणाली.

"आपली बिस्किट?" म्हातारा हादरलाच. "त्या जाळीत मले ओळखूच नाई आली. मले वाटलं, कोनी दुसरी हाय. अन् मी मघापासून खाऊ दे, खाऊ दे करून राहिलो! काहून नाई सांगतलं वं कोनी?"

 म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसला. खेळ सुरू झाला. गोरी धिप्पाड पोरगी सुसाट आली, तसा तो ओरडला, "थांबव बेटा बिस्किट! थांबव!" डिस्किटने पाय पसरून गोटी, म्हणजे रबराची ती चपटी चकती, अडवली. खोलीने पहिल्यांदा खऱ्या टाळ्या वाजवल्या. पुढचीही अडवली. मग सहावा गोल झालाच.

प्रशिक्षक बाईंनी बोट हलवलं. डिस्किट हळूहळू बाकाकडे आली. फाटकात नंदिनी मुखवटा घालून उभी होती. दोघी जाताजाता एकमेकींच्या डोक्याला डोकं लावून गेल्या आणि नंदिनी बर्फावर उतरली.

सगळे मायाकडे पाहू लागले. टाळी वाजवावी की नाही, कुणाला कळेना. मायाचे डोळे भरून आले होते. तिला भरभरून आनंद झाला होता, आणि तो लपवायचं तिला काही कारण वाटलं नाही.

"वाजवा ना आता," ती म्हणाली.

नंदिनी चार-पाच मिनिटंच खेळली असेल. तिने काही गोट्या अडवल्या, एक सुटली. सामना सात-शून्य असा गेला. मायाने नंदिनीची एकूण एक हालचाल डोळे न मिटता पाहिली. फक्त मधे एकदा कॅमेरा बाकावरून फिरला, तेव्हा तिचं लक्ष तिकडे गेलं. फाटकाशी आता डिस्किट होती. केस कपाळाला चिकटलेले. पोरी आल्या की फाटक उघडत होती, गेल्या की लावत होती.

थोड्या वेळाने नंदिनीचा व्हिडिओ कॉल आला.

"आई! पाहिलं ना वं? बाबानं पाहिलं?"

"पाहिलं माय, सगळं पाहिलं. बाबानंही कामावर, वाडीच्या गोदामात, फोनवर पाहिलं. लय चांगली खेळली तू."

"एक सुटला पण. पायाखालून गेला."

"जाऊ दे. डिस्किट कुठी आहे?"

नंदिनीचा आवाज उतरला. "इथंच आहे, बाजूले. कोनाशीच बोलून नाई राहिली. अजून बूटही नाई काढले तिनं."

"तिले दे."

"आई, पण माह्यं तं अजून…"

"तुह्यं मी सगळं ऐकीन ना वं. पहिले तिले दे."

पडद्यावर छत दिसलं, मग ट्यूबलाइट, मग डिस्किट. तिने हसायचा प्रयत्न केला. मागून अभिनंदन करायला कामिनी पुढे घुसत होती, तिचा हात मायाने धरून ठेवला.

"आई," डिस्किट म्हणाली. "छे गोल खाए मैंने. छे."

मायाच्या तोंडाशी पुष्कळ शब्द आले. खेळात हारजीत असतेच, पुढच्या वेळी बघू, असले. वॉर्डात बायकांना लोक असलंच काही सांगतात, आणि त्याने कुणाचंही कधी भलं झालेलं तिने पाहिलं नव्हतं.

"सब तेरे नहीं थे, बेटा," ती म्हणाली. "दो तो मैंने मांगे थे. मेरी नंदिनी को खेलना था करके."

नंदिनीने हे ऐकलं असणारच. पडद्याच्या कडेला तिचा खांदा दिसत होता, तो हलेनासा झाला. डिस्किट मायाकडे बघत राहिली. तिला राग आला का, मायाला कळेना. आला असता तर मायाची काही तक्रार नव्हती.

मग डिस्किटने नाक ओढलं, फोन नंदिनीच्या हातात दिला, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली.