न वाचता ठोकलेली सही

मी एक जुना प्रिंटर आहे. कागदाला टोचून टोचून अक्षरं उमटवणारा, खडखड्या. रंगाच्या कारखान्यात, संगणकखोलीच्या कोपऱ्यात माझं आयुष्य गेलं. संगणकाची कुलपं सांभाळणारा माणूस कुणाला काय उघडून देतो, ते त्याच क्षणी कागदावर उतरवायचं, एवढंच माझं काम. मित्रांनो, पडद्यावरची ओळ पुसता येते. माझी पुसता येत नाही.

माझे कागद कुलूपबंद पेटीत पडत. किल्ली तपासनीस बाईंकडे. आई लेकीच्या केसांतून फणी फिरवते, तशी त्यांची नजर दर शनिवारी ओळीओळीतून फिरे. "हे कशाला उघडलंस रे?" असं त्यांनी विचारलं की कुलूपवाला डोकं खाजवत बसे. ते माझे सुखाचे दिवस.

बाई निवृत्त झाल्या. मोठे साहेब म्हणाले, "एका कामाला दोन माणसं कशाला? कुलूपवालाच तपासेल." झालं! ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच खिशात माझी किल्ली. असल्या अकलेला खुर्ची मिळते आणि मला कोपरा.

कुलूपवाला तर आळशांचा मुकुटमणी. शनिवारी चहाचे घुटके घेत पानापानावर 'तपासले, योग्य' लिहायचा आणि सही ठोकायचा. वाचायचं? छे! डोळ्यांना त्रास होतो.

एकदा कारखान्यातच असलेल्या त्याच्या मेहुण्याला संगणकातल्या रंगांच्या प्रमाणात हात घालायची हौस आली. कुलूपवाल्याने निळ्याचं कुलूप उघडून दिलं, मेहुण्याने आकडे बदलले. मग संगणकातली नोंद पुसून स्वारी मोकळी. मी ती कधीच छापली होती, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्या शनिवारीही सह्या झाल्या.

पुढच्या आठवड्यात टाकी उघडली, तर निळा शेवाळासारखा हिरवा झालेला! ठपका आला रंग कालवणाऱ्या मावशींवर. निळ्याला हात लावायची परवानगी एकट्या त्यांनाच होती.

"मावशी, उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "वीस वर्षं निळा कालवतेय मी. तो कोपऱ्यातला खडखड्या उगाच बडबडतो का? त्याचे कागद काढा."

"सगळे तपासलेत मी," कुलूपवाला हसला.

"मग दाखवायला तुझं काय जातंय?"

गठ्ठा आला. मावशींनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि एका पानावर थांबल्या. सोमवार, सकाळी अकरा. निळ्याचं कुलूप उघडलं, मेहुण्यासाठी. खाली ठसठशीत: 'तपासले, योग्य.'

"सही तुझीच ना रे?" साहेबांनी विचारलं.

"माझीच... पण मी वाचलं कुठे होतं?"

मावशींची नोकरी राहिली, कुलूपवाला गेला. आणि साहेबांची अक्कल? "नवा माणूस प्रामाणिक आहे, दोन्ही कामं त्यालाच देऊ!"

मावशी जागच्या हलल्या नाहीत. "प्रामाणिक असेल हो. पण पेटीची किल्ली दुसऱ्या कुणाला देत नाही, तोवर मी निळ्याला हात लावायची नाही."

साहेबांना किल्ली वेगळी द्यावीच लागली.

मित्रांनो, माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण मी ज्याची कामं लिहितो, त्याला माझी किल्ली देऊ नका. एवढंही जमत नसेल, तर मला बंद करून टाका. निदान कागद तरी कोरा राहील.