सोमनाथ फौजदार

“वावर किती, झरा कुठं, असलं काय बी सांगू नगा हां बाई. पोरगी सगळं लिहून घेतीया,” बाळाबाई माझ्या कानाशी येऊन पुटपुटली. पाणी पिण्याच्या निमित्ताने तिने मला चुलीपाशी ओढून नेलं होतं. बाहेर ओट्यावर शेफाली बसली होती. पुण्याची, नववीतली मुलगी. पायात जाड बूट, गळ्यात शिट्टी, मांडीवर वही.

विंझरच्या पुढच्या आमच्या गावात त्या मे महिन्यात मुलांचं शिबिर आलं होतं. सकाळी कड्याला दोर लावून चढायचं, डोंगर हिंडायचे, आणि दुपारी लिहायला बसायचं. लिहायला शिकवणाऱ्या नीरजाताईंनी प्रत्येक मुलाला गावातलं एकेक माणूस नेमून दिलं होतं. त्याच्याबरोबर दिवस काढायचा, त्याच्या हाताखाली काम करायचं आणि त्याच्यावर लिहायचं. मी इथल्या शाळेत जन्मभर शिकवलं, म्हणून घरं दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

गावाला हे पटलं नव्हतं. पैसे भरून पोरं इथवर येतात आणि आपल्याला विचारतात, तुम्ही काय जेवता? यात काहीतरी काळंबेरं असणारच. त्यात तंबू पडले होते मानसिंगच्या जागेत. मानसिंग जमिनींचे व्यवहार करतो. मागे त्याच्याबरोबर पाखरं बघणारे लोक आले होते. गळ्यात दुर्बिणी, बोलायला गोड. आम्ही त्यांना ताक पाजलं. पुढे बघता बघता खालच्या आळीची सगळी पड जमीन तारेच्या कुंपणाआड गेली आणि गुरांची वाट बंद झाली.

बाळाबाईच्या झऱ्याकाठच्या तुकड्यावर त्याचा डोळा होता. नवरा गेलेला, घरात दुसरं माणूस नाही. शेजारी राहणारा दीर चिमाजी बांधावरून भांडून बोलायचा बंद झालेला. एकटी बाई किती दिवस धरून बसेल, एवढीच वाट मानसिंग बघत होता.

आम्ही बाहेर आलो. बाळाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली.

“आजी, तुमच्या घरी कोण कोण असतं?” शेफालीने विचारलं.

सूप थांबलं. बाळाबाईने आधी वहीकडे बघितलं, मग खाली तंबूंकडे.

“पोरगा हाय की. फौजदार हाय.”

मी दचकले.

“हो? नाव काय त्यांचं?”

“सोमनाथ. रोज रातच्याला मुक्कामाला घरीच असतो. लई उंच. ह्या दारातनं वाकून यावं लागतं त्येला.”

“रागीट आहेत का?”

“वंगाळ मान्सावर लई रागीट. ल्हिव, ल्हिव. हे आदी ल्हिव.”

सोमनाथ माझ्या वर्गातला. शाळा सुटली की दप्तर माझ्या ओट्यावर टाकून डांबरी रस्त्याने पळत सुटायचा. पोलीस भरतीची आत्तापासून सवय करतोय, म्हणायचा. दहावीच्या परीक्षेआधी त्याला कावीळ झाली. भोरला दवाखान्यात नेला तेव्हा मी बरोबर होते. परत येताना एसटीत बाळाबाई माझ्या शेजारी बसली होती आणि कंडक्टरने आम्हाला तिकीट विचारलं नाही, एवढं मला आठवतं. त्यानंतर तिच्या तोंडून मी त्याचं नाव ऐकलं नव्हतं.

शेफाली हात धुवायला गेली तशी मी बाळाबाईला धरलं.

“बाळाबाई, हे काय चालवलंयस?”

“मग काय सांगू? म्या येकली ऱ्हाती म्हनून? पोरगी सांगंल ताईला, ताई सांगंल मानसिंगला. उद्या खांब रोवाय येत्याल.”

“अगं, त्या बाई तशा दिसत नाहीत.”

“पाखरंवाले बी तसं दिसत नव्हतं.”



दुपारी त्या दोघी वावरात गेल्या. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची असते, त्याची तयारी चालली होती. मी करंजाच्या सावलीत बसून होते. शेफाली भारे उचलत होती, बाळाबाई पसरत होती आणि बोलत होती. आता पोरीने काही विचारलंही नव्हतं. सोमाला करवंदाची चटणी लागते. सोमाची बायको भाटघरची, हाताला चव आहे, पण उठायला उशीर करते. सोमाची पोरगी तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच नखं खाते.

“तिला पण पोलीस व्हायचंय?”

“तिला डाक्टर व्हायाचंय. आमच्या घरात येक डाक्टर असाय पायजे.”

तंबूंकडे बघायचं ती केव्हाच विसरली होती.

शेवटच्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात कार्यक्रम ठेवला होता. मुलं आपापलं लिखाण वाचून दाखवणार, म्हणून गावाला बोलावणं होतं. हे बाळाबाईला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं, नुसता चहा आहे. शेफाली कागद घेऊन उठली तेव्हा बाळाबाईने माझं मनगट घट्ट धरलं.

“गावाम्होरं वाचनार?”

पुढच्या खुर्चीवर मानसिंग पाय पसरून बसला होता. पलीकडे भिंतीला टेकून चिमाजी. सोमनाथला खांदा दिलेली माणसं तिथे बसली होती. पोरीला थांबवावं म्हणून मी उठायला लागले, पण बाळाबाईने मनगट सोडलं नाही.

शेफाली वाचायला लागली.

“‘सोमनाथकाका फौजदार आहेत. संध्याकाळी घरी येतात तेव्हा दारातून वाकून आत येतात. मिशांवरून हात फिरवत म्हणतात, आई, भूक लागली. मग आजी त्यांना करवंदाची चटणी वाढते. सोमनाथकाका असले की आजीला दाराला कडी लावावी लागत नाही.’”

बायकांनी माना खाली घातल्या. शेफालीने वाचून संपवलं आणि नीरजाताई एकट्याच टाळ्या वाजवायला लागल्या.

मानसिंग हसला. खुर्चीतूनच मागे वळून म्हणाला, “काय बाळाकाकू, साहेब आमाला कसे दिसले न्हाईत कदी? बदली कुठं झाली?”

शेफाली एकदा त्याच्याकडे, एकदा बाळाबाईकडे बघायला लागली.

तेवढ्यात भिंतीपाशी चिमाजी उठला. धोतर झटकलं.

“वैनी, सोमा सकाळीच गेला न्हवं ड्यूटीला?”

किती वर्षांनी त्याने तिला हाक मारली होती. बाळाबाईने नुसती मान हलवली.

“तुजं काय काम व्हतं रं त्येच्याकडं?” चिमाजी मानसिंगला म्हणाला. “जमिनीचं असंल तर मला सांग. चुलता हाय मी त्येचा.”

“मला बी सांगितलं तरी चालंल,” मागून खालच्या आळीचा कोंडिबा म्हणाला.

“न्हाईतर मला सांग,” बायकांतून कोणीतरी बोललं. “सोमा आमच्यातच जेवून जातो कदीमदी.”

मानसिंगने खिशातून मोबाईल काढला, कानाला लावला आणि बोलत बोलत फाटकाबाहेर गेला. फोन वाजलेला मी तरी ऐकला नव्हता.

चहा सुरू झाला. शेफाली कागद हातात धरून आमच्याजवळ आली. तिचा चेहरा उतरला होता.

“आजी, माझं काही चुकलं का?”

“चुकलं,” बाळाबाई म्हणाली. “त्येला मिशी न्हाई.”

“ते मीच घातलं. पोलिसांना असते ना, म्हणून.”

“आमच्या सोमाला न्हाई. खोड ते.”

शेफालीने तिथेच बसून कागद गुडघ्यावर ठेवला आणि ते शब्द खोडले. बाळाबाईला अक्षर येत नव्हतं. तिने कागद हातात घेतला, खोडलेल्या जागेवरून सावकाश बोट फिरवलं आणि शाई बोटाला लागली ती पदराला पुसली नाही.