गुडघ्यावरची थाप

लॉन्ड्रीवाल्या दादांचा उजवा कान पार गेला होता आणि डाव्यात नुसती धुगधुगी उरली होती. तरी व्हॅन चालवणं काही सुटत नव्हतं. सुटणार कसं? हॉस्पिटलच्या चादरी काय आपल्या पायांनी चालत येणार होत्या?

म्हणून नवराबायकोने आपली एक पद्धत काढली होती. ती शेजारी बसायची. मागून हॉर्न आला की त्यांच्या गुडघ्यावर एक थाप, सायरन आला की दोन. कानाचं मशीन होतं, पण ते समोरच्या खणात पडून. घातलं की सगळी व्हॅन डोक्यात खडखडते, म्हणायचे. "तू आहेस ना, मग तो भुंगा कशाला?" बायकोने नाद सोडला होता. दिवसभर घड्या घालून खांदे भरून यायचे, वर ही कानांची नोकरी!

हल्ली थापा जरा वाढल्या होत्या. "लोकांना काही दमच नाही," दादा कुरकुरायचे.

त्या दुपारी दोघंही दमून गेली होती. मागे जागा उरली नाही म्हणून एक गठ्ठा बायकोने मांडीवर घेतला होता. चढावर दादांनी सहज आपल्या बाजूच्या आरशात पाहिलं. मागे अँब्युलन्स, दिवे गरगरताहेत, ड्रायव्हर हातवारे करतोय. कधीपासून, देव जाणे. त्यांनी घाईघाईने व्हॅन कडेला घेऊन बंद केली. अँब्युलन्स पुढे निघून गेली.

"झोप लागली होती का गं?" दादा ओरडले.

"नाही हो." तिचे डोळे भरून आले. "मलाही नाही येत आता ऐकू. तुमच्यासारखं ओरडून बोललं तरच कळतं. माझ्या बाजूच्या आरशात बघते आणि कुणी जवळ आलं की थाप मारते. आज या मेल्या गठ्ठ्याने आरसाच झाकला."

"अगं, मग बोलायचं नाही?"

"बोलले असते तर व्हॅन गेली असती. मग खायचं काय?"

दादांना राग आला, मग रागाची लाज वाटली. त्या गाडीत कोण होतं, कुणास ठाऊक.

त्यांनी खण उघडला, मशीन काढलं आणि कानात बसवलं. बाहेरचा सगळा रस्ता एकदम अंगावर आला. हॉर्न, ब्रेक, कुणाच्या तरी शिव्या. बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचं लक्षच नव्हतं.

"दमले रे देवा," ती स्वतःशीच पुटपुटली.

दादांनी ते ऐकलं. किती दिवसांनी तिचा असा हळू आवाज कानावर पडला होता!

"उद्या बसने जाऊ. तुझे कान दाखवायला," ते म्हणाले. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग त्यांनी तिच्या गुडघ्यावर थाप मारली.