डार्लाचं मत

आमच्या काउंटीत डेमोक्रॅट औषधालाही सापडत नाहीत, म्हणून दर निवडणुकीला हे काम माझ्याच गळ्यात पडतं. जे आजारपणामुळे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्या घरी मतपत्रिका न्यायची, त्यांनी भरली की पाकीट बंद करायचं आणि कोर्टहाउसात आणून द्यायचं. कायदा असा की दोघांनी मिळून जायचं, एक आमचा आणि एक रिपब्लिकनांचा. दोघं हजर असल्याशिवाय पाकीट उघडायचंसुद्धा नाही. एकटा माणूस काय दिवे लावील याची दोन्ही पक्षांना पक्की खात्री आहे.

यंदा त्यांच्याकडून रॉइस केम्पर आला. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, पुढे शेतकऱ्यांना बियाणं विकायचा, राहतो माझ्याच रस्त्यावर. पूर्वी बर्फ पडला की माझ्या दारातला रस्ता न सांगता मोकळा करून जायचा. गेली काही वर्षं आम्ही एकमेकांना हात करणंही सोडलं होतं. आधी कुणी सोडलं ते देव जाणे.

गाडीत राजकारण काढायचं नाही, अशी निवडणुकीचं काम बघणाऱ्या कोर्टहाउसातल्या क्लार्कबाईंची सक्त ताकीद होती. निघाल्या निघाल्याच लक्षात आलं, की ते वगळलं तर आम्हाला दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

"मका निघाला बहुतेक सगळा," रॉइस म्हणाला.

"निघाला."

"ग्रुबरचा राहिलाय."

"तो नेहमीच उशिरा काढतो."

एवढं बोलून आम्ही दोघंही दमलो.

दुपारपर्यंत वृद्धाश्रम झाला, दोन-तीन घरं झाली. मग "आता शेवटचं," म्हणत रॉइसने धान्याच्या कोठारांपाशी गाडी वळवली. त्या रस्त्यावर एकच घर आहे, माझ्या धाकट्या बहिणीचं.

"रॉइस, इकडे कुठे?"

"डार्लाकडे. पायरीवरून पडली ना, घोटा मोडलाय. तुला माहीत नाही?"

माझ्या सख्ख्या बहिणीचा घोटा मोडला आणि ते मला एका रिपब्लिकनकडून कळावं! चार वर्षांपूर्वी, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला, तिच्याच टेबलावर आमची जुंपली होती. निवडणुकीवरूनच. ती म्हणाली, तुम्ही लोक आम्हाला मूर्ख समजता. मी म्हणाले, मग शहाण्यासारखं वागा. टर्की कापायच्या आधीच मी स्वतः नेलेलं बटाट्यांचं भांडं उचललं आणि घरी निघून आले. मग फोन तिने करायचा की मी, यातच वर्षं गेली. रोज संध्याकाळी टीव्हीवर त्यांच्या पक्षाचा कुणी ना कुणी लाल टोपीवाला ओरडताना दिसायचा, आणि हळूहळू त्या धडावर मी डार्लाचं तोंड बसवून टाकलं. खरी डार्ला कशी हसते ते आठवायला मला डोळे मिटावे लागायचे. तिच्यावाचून मला करमत नव्हतं, पण हे कुणाला सांगणार?

"तू जा. मी गाडीत बसते," मी म्हणाले.

"तू नसलीस तर मला पाकीट उघडता येत नाही, व्हर्लीन. तिचं मत बुडेल."

"बुडू दे. नाहीतरी तुमच्याच पारड्यात जाणार."

रॉइस चिडला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. "सकाळी आपण दोघांनी हात वर करून शपथ घेतली, ती हे बोलायला?"

मी दार उघडून उतरले.

डार्ला स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, प्लास्टरमधला पाय समोरच्या खुर्चीवर. केस सगळे पांढरे झाले होते. "या," ती म्हणाली, दोघांना मिळून एकच. रॉइसने पाकीट उघडून मतपत्रिका तिच्यापुढे ठेवली आणि नियमाप्रमाणे आम्ही तिच्याकडे पाठ करून उभे राहिलो. तो खिडकीकडे तोंड करून, मी फ्रिजकडे.

"व्हर्ली, बारीक झालीस," मागून आवाज आला.

"पाठीवरून कळतं?"

"शेवटची तुझी पाठच तर पाहिली होती."

रॉइस उगाच खोकला.

"किती वेळा तुला करायला म्हणून फोन हातात घेतला," डार्ला म्हणाली. "मग वाटायचं, ही मला मूर्ख समजते. कशाला करायचा?"

"समजतच होते."

"आणि मी समजत होते की तुला आमची लाज वाटते."

"लाज? अगं, आयुष्यभर शाळेची बस चालवली मी. मागच्या सीटवर पोरं काय काय करायची! मला कशाची लाज वाटणार आहे?"

आणि डार्ला हसली. आधी नाकातून फुर्रकन, मग खळाळून. तसंच्या तसं. मी फ्रिजकडे बघत डोळे पुसले.

मग घोट्याचं ऐकलं, तिच्या नवऱ्याच्या गुडघ्यांचं ऐकलं, कोंबड्या कोल्ह्याने नेल्या तेही ऐकलं. शेवटी रॉइसने या पायावरचा भार त्या पायावर घेतला.

"डार्ला, झालं का गं?"

"छे! आत्ता कुठे काउंटीच्या सर्व्हेयरपदावर आलेय."

"सर्व्हेयरला एकच उमेदवार आहे!"

"म्हणून काय, विचार करायला नको?"

"मतपत्रिका पोस्टाने मागवली असतीस तर कधीच मोकळी झाली असतीस."

"माहीत आहे मला," डार्ला म्हणाली.

मला हळूहळू उलगडलं. घरोघर मतं घ्यायला जाणारी डेमोक्रॅट या काउंटीत एकच आहे, आणि हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घरी मत घ्यायला बोलावलं की तिला यावंच लागतं आणि पाकीट बंद होईपर्यंत हलता येत नाही, हेही डार्लाला ठाऊक होतं. मी कान दिला. मागे पेन चालतच नव्हतं. चार वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं आणि मला एकदम भूक लागली.

रॉइसलाही उमगलं असावं. त्याने खुर्ची ओढली आणि खिडकीकडेच तोंड करून ऐसपैस बसला. "कॉफी मिळेल का या घरात?"

"व्हर्ली करेल. डबा कुठे असतो तिला माहीत आहे."

खरंच माहीत होता. मी मागे न वळता कॉफी केली, भिंतीला चिकटून जाऊन रॉइसला दिली, स्वतः घेतली, परत फ्रिजपुढे येऊन उभी राहिले.

"डार्ला," मी फ्रिजला म्हणाले, "भर आता ते. रविवारी येते मी. कुणी पाठवायला नको."

"नक्की?"

"जेवायलाच येते."

मागे पेन चालायला लागलं, भराभर, एकही नाव न वाचता चालावं तसं.